एक मिनिट

एकदा एका शिकाऊ परिचारिकेची अखेरची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिचं नाव वैजयंता. वर्गात ती नेहमी पहिली. परीक्षा घेत होत्या एस्तेरबाई, चाळीस वर्षं रुग्णसेवेत घालवलेल्या वृद्ध अध्यापिका. शेजारी बाहेरगावहून आलेले परीक्षक घड्याळ समोर ठेवून बसले होते. वेळ पंधरा मिनिटांची होती.

खाटेवर कौसल्यामावशी होत्या. सकाळीच त्यांची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली होती.

वैजयंता अस्खलित बोलू लागली. हात धुण्याच्या पायऱ्या, जंतुसंसर्ग टाळण्याचे नियम, शस्त्रक्रियेनंतरची निरीक्षणं. कुठेही अडखळणं नाही. बोलता बोलता तिने तक्त्यावर मिनिटाला होणाऱ्या श्वासांचा आकडा लिहिला, अठरा.

"मोजलेस?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"बाई, आधीच्या चारही नोंदी अठराच आहेत."

एस्तेरबाईंनी तक्ता तिच्या हातून काढून घेतला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बैस. एक मिनिट तोंडातून शब्द काढायचा नाही. फक्त मावशींकडे बघायचं."

"मॅडम, हिची वेळ जातेय," परीक्षक म्हणाले.

"जाऊ दे."

वैजयंताचे कान तापले. सहा मिनिटं उरली होती, निम्मे प्रश्न बाकी होते आणि बाईंनीच तिला गप्प बसवलं होतं! डोळे भरून आले, तरी ती मावशींच्या छातीकडे पाहत श्वास मोजू लागली. अर्धं मिनिट होतं न होतं तोच पंधरा झाले. मिनिट संपलं तेव्हा तीस.

मग तिला बाकीचं दिसू लागलं. कपाळावर गार घाम, फिके ओठ, उशीवर सारखी इकडून तिकडे होणारी मान.

"पोरी, घशाला कोरड पडलीय गं," मावशी पुटपुटल्या. "जीव घाबरा होतोय."

वैजयंता ताडकन उठली. पोटावरची पट्टी वरून तर कोरडी होती, मग रक्त खाली तर उतरत नसेल? तिने मावशींच्या कमरेखाली हात घालायला झेप घेतली.

"हात!" एस्तेरबाई कडाडल्या.

ती थबकली. हातांना जंतुनाशक चोळलं, हातमोजे चढवले आणि मग हात कमरेखाली सरकवला. बाहेर आला तो लालभडक. पट्टीच्या खालच्या कडेने ओघळून रक्त पाठीखाली साचत होतं.

"बाई, रक्त! डॉक्टरांना बोलवा!"

परीक्षकच धावले. थोड्याच वेळात मावशींना पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेलं. संध्याकाळी निरोप आला की रक्तस्राव थांबला आहे, धोका टळला आहे.

व्हरांड्यात वैजयंताने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"कळलं असतं, तर तुला स्टूलवर बसवलं असतं का? मीच नसते धावले?" एस्तेरबाईंचा आवाज अजून कापत होता. "तू न मोजता लिहिलंस, एवढंच मला दिसलं. तुझी सगळी उत्तरं बरोबर होती, बाळ. पण ती कुठल्याही रुग्णाला लागू पडली असती. मघाचा आकडा मघाच्या मावशींचा होता. आत्ताच्या मावशी आत्ताच बघाव्या लागतात. आणि त्यांना वाचवण्याच्या घाईत आपल्याच हातून दुसरं दुखणं द्यायचं नसतं."

वैजयंताची परीक्षा अर्धवट राहिली होती, ती पुन्हा द्यावी लागणार होती. त्याचं तिला आता काहीच वाटत नव्हतं.

जवळच्या माणसाला "कसा आहेस?" असं विचारताना आपणही पुष्कळदा त्याचं उत्तर आधीच लिहून मोकळे झालेले असतो.