तवनाप्पांचं जीवदान

कृष्णाकाठच्या एका गावात तवनाप्पा नावाचे गुळाचे व्यापारी राहत. माणूस भला. इतका भला, की वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर उचललेलं पाऊल तसंच धरून उभे राहायचे आणि मागून येणारा त्यांच्यावर आदळायचा. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि सणावाराला पाखरं धरणाऱ्याकडून पिंजराभर पाखरं विकत घेऊन सोडून द्यायची, हा त्यांच्या घराण्याचा नेम. याला ते जीवदान म्हणत. पाखरू भुर्रकन उडालं की तवनाप्पांचा चेहरा असा फुलायचा, की बघणाऱ्यालाही बरं वाटायचं.

एकदा सातासमुद्रापलीकडच्या एका शहरातून त्यांना बोलावणं आलं. तिथल्या एका थोरल्या दुकानाला त्यांचा गूळ हवा होता. दुकान कसलं, अख्खा बाजारच एका छपराखाली! तवनाप्पा ढेपा बांधून निघाले. मुलुख परका, बोली परकी, म्हणून दुभाषा हवा. तो मिळाला सदू पेडणेकर. सदू मूळचा मालवणकडचा, तिकडे कैक वर्षं राहिलेला, आणि मासळी म्हटली की जीव टाकणारा. जोडी मोठी नामी जमली बघा.

दुकानात शिरल्यावर तवनाप्पा हरखूनच गेले. धान्य बघितलं, फळं बघितली, आणि एका कोपऱ्यात येऊन थबकले. तिथे काचेच्या टाक्यांत मासे होते. खोक्यात बेडूक होते. वर जाळ्या टांगलेल्या, आणि जाळ्यांत कासवं, एकावर एक. सगळी जिवंत.

तवनाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सदू, लेका, बघ की! धंदा करता करता या लोकांनी मुक्या जिवांना सांभाळायला पांजरपोळ काढलाय! आणि आम्ही उगाच म्हणतो, दयाधर्म आपल्याकडंच." असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि खिशातला गुळाचा खडा कुस्करून बेडकांच्या खोक्यात टाकला. आता बेडूक कधी गूळ खातात होय? पण भाबड्या माणसाला कोण सांगणार!

सदू आधी ओशाळला. मग हळूच म्हणाला, "अण्णानू, ह्यो पांजरपोळ नाय. ही खावची जनावरां आसत."

तवनाप्पांना वाटलं, हा थट्टा करतोय. तेवढ्यात एक बाई आल्या. चांगल्या घरच्या, हसऱ्या, कडेवर लेकरू. त्यांनी जाळीतल्या एका कासवाला बोटानं ढोसलं. कासवानं मान आत ओढली. बाई खूश झाल्या. दुकानातल्या माणसानं ते कासव काढलं, पिशवीत टाकलं, पिशवीला गाठ मारली आणि हातात दिलं. लेकरानं टाळ्या वाजवल्या.

"लोकांका ताजा लागता," सदू म्हणाला. "हालता म्हणजे ताजा."

"आणि घरी नेऊन काय करतात?"

"ता इचारू नकात."

तवनाप्पांनी नाही विचारलं. पण नजर त्या जाळीवरून हटेना. कासवांच्या पाठी कोरड्या ठक्क पडल्या होत्या. अगदी तळातलं एक कासव वरच्यांच्या ओझ्याखालून मान काढून टाकीच्या काचेवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे ताणत होतं. थेंब वीतभर लांब होता. वीतभरच! आपल्याला राग येतोय की रडू येतंय, हेच त्यांना उमजेना. कुणावर रागवायचं? त्या हसऱ्या बाईंवर?

मग त्यांना घराण्याचा नेम आठवला. "सदू, ही कासवं मी घेतो."

"सगळी?"

"सगळी!"

दुकानातले लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. दोघांनी जाळ्या गाडीत घातल्या आणि शहराबाहेरच्या तळ्यावर नेऊन कासवं सोडली. तळ्याचा राखणदार आरडाओरडा करत धावत आला. "ही या पाण्यातली नव्हेत! एक तर ही मरतील, नाहीतर आमच्या कासवांना तरी मारतील!" सदूनं ते समजावून सांगितलं, पण तवनाप्पांच्या कानात काही शिरलं नाही. कासवं पाण्यात उतरत होती, आणि त्यांचा चेहरा पाखरं सोडल्यावर फुलायचा तसा फुलला होता.

दुसऱ्या दिवशी सौद्याची बोलणी होती. तवनाप्पा ऐटीत दुकानात आले आणि कोपऱ्याकडे बघतात तो काय! जाळ्या पुन्हा भरलेल्या. काल होत्या त्याहून जास्त.

दुकानाच्या मालकीणबाई समोरून हसत आल्या. बाई मोठ्या अगत्यशील. त्या बोलत आणि सदू मराठीत सांगे. "काल तुम्ही सगळी कासवं नेलीत, फार आनंद झाला. तुम्हाला कमी पडू नयेत म्हणून आज दुप्पट मागवलीत."

तवनाप्पा मटकन खालीच बसले. अहो, जन्म गेला धंद्यात! गिऱ्हाईक दिसलं की माल येतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आजची ही जास्तीची कासवं कालपर्यंत कुठल्याशा ओढ्यात सुखानं पोहत असणार. ती इथे कुणी आणवली? त्यांनीच. बरं, घेतली नसती तर कालची पिशवीत गेली असती. घेतली तर पाप, न घेतली तर पाप. मग पुण्य गेलं कुठं? आणि गावाकडची ती पाखरं? पाखरं धरणारा दरसाल बरोबर सणाच्या आदल्या दिवशी दारात कसा हजर व्हायचा? म्हणजे तीही आपल्यासाठीच धरलेली!

"सदू," ते म्हणाले, "मला काही सुधरंना झालंय. तू सांग."

"माका काय इचारतास? मी तर खातंय." सदू खाली बघत म्हणाला. "पण ह्या असा सुकवत टांगून ठेवना माका पण बघवणा नाय."

झालं! मासे खाणाऱ्यालाही बघवत नाही, म्हटल्यावर तवनाप्पांचा गोंधळ कमी व्हायचा तो वाढलाच. मग हा दयाळू की मी दयाळू?

त्यांनी हात जोडून मालकीणबाईंना विनवलं, "हा कोपरा बंद करा. माझा गूळ फुकट न्या."

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी बंद केलं तर माझं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल आणि हीच कासवं तिथे टांगली जातील. आमच्या आज्यापणज्यांपासून माणसं अशीच खात आली, ते माझ्यानं सुटायचं नाही. पण तुमचा गूळ मला हवाय, आणि तुमचं पडलेलं तोंडही बघवत नाही. बंद करणं सोडून दुसरं काही मागा. जमण्यासारखं असेल तर देते."

दुसरं काही! काय मागायचं ते सदूला तेव्हाच कळलं. त्यानं तवनाप्पांना बाजूला घेतलं. "अण्णानू, एकच मागूक येता. हयच मारून दिया, म्हणा. एका घावात. जितो घराक धाडू नकात."

तवनाप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शिव शिव! माझ्या तोंडानं? मारा म्हणून सांगू? सात पिढ्यांत आमच्या घरात कुणी हा शब्द काढला नाही रे!"

"मग मी सांगतंय. तेंच्या भाषेत. तुम्ही गप रवा. तुमका काय पाप लागाचा नाय."

तवनाप्पांना हायसं वाटलं. खरंच की! आपण तोंड मिटून बसायचं, सदूनं बोलायचं. कासवांचे हाल टळतील, आणि आपली जीभही चोख राहील. त्यांनी मान डोलवायला घेतली, आणि तिथंच अडले. सौदा आपला, गूळ आपला, आणि पाप तेवढं सदूच्या माथी? पुण्य आपण राखायचं आणि पाप त्या बिचाऱ्यानं घ्यायचं, हा कुठला न्याय?

ते उठले. जाळीपाशी गेले. तळातलं कासव मान काढून होतं. कालचं नव्हे, दुसरंच. थेंब मात्र तसाच वीतभर लांब. आयुष्यात पहिल्यांदाच तवनाप्पांना वाटलं, की आपल्याजवळ पुण्य नसतं तर किती बरं झालं असतं. या घडीला त्याचंच ओझं होत होतं.

"बाई," ते म्हणाले, आणि सदू एकेक वाक्य सांगत गेला, "यांना तहानलेलं ठेवू नका. एकावर एक रचू नका. माशांना वळायला जागा द्या. जिवंत जीव पिशवीत घालून कुणाच्या हाती देऊ नका. आणि..."

पुढचा शब्द फुटेना. सदू वाट बघत राहिला. मालकीणबाईही थांबल्या.

"आणि मारायचंच असेल, तर इथंच मारा. जाणत्या हातानं. चटकन मारा."

सदूनं आधी नाक पुसलं, मग सांगितलं.

मालकीणबाईंनी थोडा विचार केला. "हलतं बघून घेणारी काही गिऱ्हाइकं तुटतील," त्या म्हणाल्या. "तुटू देत. पण गूळ स्वस्त द्यावा लागेल." तवनाप्पांनी घासाघीस केली नाही. त्यांच्यासमोरच माणसानं जाळ्या उतरवल्या आणि कासवं पाण्याच्या मोठ्या पसरट हौदात सोडली. तळातल्या कासवानं तोंड पाण्यात बुडवलं, ते बराच वेळ वर काढलंच नाही.

दोघं बाहेर आले. तवनाप्पांनी नळावर चूळ भरली, पुन्हा भरली, पण तो शब्द काही तोंडातून जाईना. गूळ खपला होता, तरी मनाला चैन नव्हतं. आपण काल पुण्यवान होतो की आज, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगणाऱ्यालाही ते पुरतं सुटलेलं नाही.

"सदू," त्यांनी विचारलं, "मला पाप लागलं का रे?"

सदूनं खोटा धीर दिला नाही. म्हणाला, "लागला आसतला, अण्णानू. पण तेंका पाणी गावला."

तात्पर्य: आपलं पुण्य वाढावं म्हणून केलेली दया अर्धीच, मुक्या जिवाचे हाल खरोखर कमी व्हावेत म्हणून जो आपल्या पुण्यालाही डाग लागू देतो, त्याची दया पुरी.