उन्हाने नेलेला कोळसा

माणसं सूर्याकडून फक्त पापड-मिरच्या वाळवून घेत, त्या काळातली ही गोष्ट. एका माळावर गोदाक्का नावाची लोहारीण राहायची. तिने शेकडो आरसे जोडून एक भलीमोठी परात बनवली होती.

एका दुपारी तिने दगडी कोळशाचा एक खडा काचेच्या झाकणाच्या भांड्यात ठेवला आणि आत वाफ सोडली. बाहेरच्या ढिगावरून खड्याचा धाकटा भाऊ बघत होता.

"घाबरू नकोस रे," थोरला आतून म्हणाला. "मला फक्त विस्तव जाळू शकतो. इथे ठिणगीसुद्धा नाही."

अक्काने परात फिरवली. सगळ्या आरशांतलं ऊन त्या एका खड्यावर पडलं. तो लाल झाला, मग पांढराशुभ्र.

"दादा, जाळ नाही, धूर नाही, आणि तू संपत चाललायस!" धाकटा किंचाळला.

"दुखत नाही रे. फक्त हलकं हलकं वाटतंय..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. भांड्यात चिमूटभर राख उरली.

"माझ्या भावाला गिळलंत तुम्ही!" धाकटा आरशांवर ओरडला.

"गिळलं नाही. तो वाफेबरोबर वायू होऊन गेला," आरसे म्हणाले. "भांड्यातून बाहेर आलेल्या त्या नळीच्या टोकाकडे बघ."

अक्काने तिथे पेटती काडी धरली. भप्पकन निळी ज्योत उभी राहिली आणि तिच्यावर लोखंडाची कांब तापू लागली.

धाकट्याने आरशांना विचारलं, "हा असला सूर्य तुम्ही आणलात तरी कुठून?"

"तुझ्या पाठीवर आत्ता पडलंय ना, तेच ऊन," आरसे म्हणाले. "फक्त आम्ही सगळ्यांनी एकाच जागी पाहिलं."