तिळूची चिंधी

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. काळं काळं, एवढंसं. त्याचं नाव तिळू.

तिळू आज नव्या घरी आला. रेणूच्या पिशवीत बसून आला. बरोबर काय आणलं? एक चिंधी. त्याच्या आईच्या गोधडीची चिंधी. चिंधीला आईचा वास. चिंधीत नाक खुपसलं, की तिळूला झोप यायची.

रेणूच्या बाबानं दारातच तिळूला ओवाळलं. निरांजन लावलं. कपाळाला कुंकू लावलं. घरात नवीन बाळ आलं, की ओवाळतातच.

पण घरात आधीपासून कोण होतं? ढब्बू. मोठा, जाडा, तपकिरी कुत्रा ढब्बू. त्याला कुणी ओवाळलं? कुणीच नाही. त्याला कुणी विचारलं? तेही नाही. मोठी माणसं अशीच. सगळे आपले तिळूकडे बघत बसले.

ढब्बू आला. धप् धप् धप् धप्. आणि चिंधीवर बसला. बसला तो बसलाच.

तिळूला आली झोप. चिंधी कुठाय? ढब्बूच्या खाली.

तिळू म्हणाला,
"ढब्बूदादा, ढब्बूदादा, ऊठ ना.
चिंधी मिळेना,
मला झोप येईना."

ढब्बू म्हणाला, "मी नाही उठत जा. तुला ओवाळलं, मला नाही. आधी मला ओवाळा, मग उठतो."

तिळू निघाला. लुटूलुटू लुटूलुटू. स्वयंपाकघरात गेला. बाबा भेंडी चिरत होता. चक् चक् चक्.

"बाबा, बाबा, ओवाळ ना.
ढब्बू उठेना,
चिंधी मिळेना,
मला झोप येईना."

बाबानं वातींची डबी उघडून दाखवली. डबी रिकामी. बाबा म्हणाला, "मी नाही ओवाळत जा. शेवटची वात तुझ्यासाठीच जळली. आधी कापूस आण, मग ओवाळतो."

तिळू निघाला. लुटूलुटू लुटूलुटू. अंगणात गेला. अंगणात कपाशीचं झाड. झाडावर एक बोंड. बोंडाच्या पोटात कापूस. पण बोंड घट्ट मिटलेलं.

"बोंडताई, बोंडताई, उमल ना.
बाबा ओवाळेना,
ढब्बू उठेना,
चिंधी मिळेना,
मला झोप येईना."

बोंड म्हणालं, "मी नाही उमलत जा. मला गार वाटतंय. आधी ऊन पडू दे, मग उमलते."

तिळू निघाला. लुटूलुटू लुटूलुटू. दगडावर चढला. मान वर केली. ऊन होतं ढगाच्या मागे.

"ऊनमावशी, ऊनमावशी, पड ना.
बोंड उमलेना,
बाबा ओवाळेना,
ढब्बू उठेना,
चिंधी मिळेना,
मला झोप येईना."

ऊन म्हणालं, "मी नाही पडत जा. ढग वाटेत बसलाय. आधी ढग हलू दे, मग पडते."

तिळू निघाला. लुटूलुटू लुटूलुटू. पायरीवर चढला. घसरला, धुपुक्. परत चढला. मान आणखी वर केली.

"ढगोबा, ढगोबा, हल ना.
ऊन पडेना,
बोंड उमलेना,
बाबा ओवाळेना,
ढब्बू उठेना,
चिंधी मिळेना,
मला झोप येईना."

ढग म्हणाला, "मी नाही हलत जा. मला काय पाय आहेत? आधी वारा येऊ दे, मग हलतो."

तिळू निघाला. लुटूलुटू लुटूलुटू. कुंपणापाशी गेला. तिथे बांबू. बांबूत वारा झोपलेला. घुर्र घुर्र.

"वारेमामा, वारेमामा, ये ना.
ढग हलेना,
ऊन पडेना,
बोंड उमलेना,
बाबा ओवाळेना,
ढब्बू उठेना,
चिंधी मिळेना,
मला झोप येईना."

वारा झोपेतच म्हणाला, "मी नाही येत जा. लहान हाकेनं मला जाग येत नाही. आधी मोठ्यानं भुंक, मग येतो."

तिळू भुंकला. "भिक्."

वारा म्हणाला, घुर्र.

तिळू आणखी मोठ्यानं भुंकला. अगदी शेपटीपासून जोर लावला. "भिक्, भिक्."

वारा म्हणाला, घुर्र घुर्र.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. तिळू खाली बसला. एकटाच रडला. "कूंई. कूंई. कूंई."

घरात ढब्बूचा एक कान उभा राहिला. मग दुसरा राहिला. कोण रडतंय? आपल्या अंगणात रडतंय? कुणी रडवलं त्याला?

ढब्बू चिंधीवरून उठला नाही. हट्टीच तो. पण ढब्बूला राहवेना. बसल्या बसल्या त्यानं मान वर केली. छाती फुगवली. आणि भुंकला.

"भॉऽऽऽव!"

भांडी हलली. खिडकी थरथरली. वारा दचकून जागा झाला.

वारा आला, सूं सूं सूं.
ढग हलला, सर् सर् सर्.
ऊन पडलं, लख् लख् लख्.
बोंड उमललं, फट्.

पांढरा पांढरा कापूस. तिळूनं तोंडात धरला. त्याला पांढऱ्या मिशा आल्या. लुटूलुटू लुटूलुटू, थेट बाबाकडे.

बाबानं वात वळली. रेणूनं ताट धरलं. निरांजन लागलं. दोघं ढब्बूसमोर बसली, खाली, फरशीवर.

बाबानं ढब्बूला कुंकू लावलं. हळूहळू ओवाळलं. मग त्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "चुकलं रे आमचं. हे घर आधी तुझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

रेणू म्हणाली, "मग विचार की आता."

बाबानं विचारलं, "ढब्बोबा, तिळूला ठेवून घ्यायचं का आपण?"

ढब्बूनं तिळूकडे बघितलं. मग त्याला हुंगलं. पुढून हुंगलं. मागून हुंगलं. शेपटीखाली पण हुंगलं. तिळूनंही ढब्बूला हुंगलं. पोचला तिथपर्यंत, म्हणजे गुडघ्यापर्यंत.

ढब्बूची शेपटी हलली. थप्. थप्. थप् थप् थप्.

आणि ढब्बू उठला.

खाली चिंधी. चपटी झालेली, गरम गरम. तिळूनं तिच्यात नाक खुपसलं. आईचा वास आला. थोडा थोडा ढब्बूचाही आला. तिळूनं मोठी जांभई दिली.

बांबूत वारा जागा. अंगणात ऊन जागं. दाराशी ढब्बू जागा. झोपलं कोण? तिळू.

चिंधी तिळूच्या आईची,
ऊब ढब्बूदादाची,
आणि गोष्ट झाली तुझी.
आता तूही मीट डोळे.