राखणदाराची साक्ष

जमीन खरोखर कुणाच्या ताब्यात आहे, हे ओळखायची एकच खूण पाच गावांसाठी ठरवायला मामलेदार चावडीवर बसले होते. हैबतराव पाटलांनी मिशीला पीळ देत कागद पुढे केला. "हीच खूण! वारलेल्या दादाचा मळा कधीच वहिनींच्या नावावर लागलाय."

त्या वहिनीला, बयाक्काला, याच दिरानं दोन वर्षांत मळ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ती उठली.

"साहेब, मी आणि भावजी दोघं मळ्यात जातो. तिथलं राखणीचं कुत्रं ज्याच्या अंगावर येईल, त्याच्या ताब्यात मळा नाही."

पाटील खेकसले, "कुत्र्याला वाचता येतं का?"

"नाही ना! म्हणून तर कागद दाखवून त्याला फसवता येत नाही."

मामलेदारांनी हसू दाबत खूण लिहवून घेतली: आधी कुत्रं, मग कागद.