आजोबांची तीन वर्षं

विसूभाऊ खांबेटे नावाजलेले चरित्रकार, पण बायको गेल्यापासून माणूस अगदी एकटा. जहागीरदारांच्या आजोबांचं चरित्र त्यांनी जीव ओतून लिहिलं. देवीच्या साथीत बायकोचे डोळे गेले, तेव्हा आजोबा मोहीम सोडून तीन वर्षं तिच्यापाशी राहिले, हे पान तर त्यांचं सर्वांत लाडकं.

जहागीरदार भर बैठकीत कडाडले, “आमचे आजोबा काय बाईलवेडे होते? तिन्ही वर्षं रणांगणावर होते, घरी फिरकलेसुद्धा नाहीत, असं लिहा! नाहीतर पुस्तक चुलीत घालीन.”

“लिहितो की, सरकार,” विसूभाऊ म्हणाले. “फक्त आपल्या वडिलांचा जन्म तिसऱ्या वर्षाअखेरचा आहे. त्याचं काय लिहू?”

पान राहिलं. विसूभाऊ हसत घरी आले, कुलूप काढलं, आणि ही गंमत सांगायला आत कुणी नाही, हे त्यांना उंबऱ्यावर आठवलं.