महाराजांची जास्वंद आणि सुंद्राचं पिठलं

जास्वंदीची कळी आज पुन्हा गळून पडली, आणि गजेंद्रराव महाराज मोजड्या आपटत थेट माळ्याच्या खोपीसमोर येऊन उभे राहिले.

“भिकोबा, चांगली टपोरी कळी होती. आज उमलणार होती. पाडली कुणी?”

भिकोबा माळी हात जोडून म्हणाला, “कुनीच न्हाई महाराज. आपली आपन गळती.”

“आपली आपण? माझ्या बागेत माझ्या हुकमाशिवाय पानसुद्धा हलत नाही! उद्या दुपारपर्यंत गुन्हेगार माझ्यासमोर उभा कर. नाहीतर बायकोला घे, बोचकं बांध आणि चालता हो.”

महाराजांचं डोकं फिरायला कारणही तसंच होतं. या जास्वंदीचं पहिलं फूल गणपतीला वाहीपर्यंत गोड खाणार नाही, असं ते ऐन रंगात येऊन भर दरबारात बोलून बसले होते. तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. आता सगळा श्रावण गोडाशिवाय गेला होता. जिलबीशिवाय जेवण न मानणारा हा माणूस रोज मिरचीचा ठेचा खाऊन उठत होता, आणि त्या ठेच्याचा राग दिसेल त्याच्यावर निघत होता.

आता त्या जास्वंदीचे हाल ऐका. महाराज रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला तांब्याभर पाणी घालायचे. महाराज घालतात म्हणून दिवाणजी घालायचे. दिवाणजी घालतात म्हणून सेनापती, मग फडणीस, मग पुरोहित आणि मागोमाग सगळा दरबार. राजवैद्य तर दोनदा घालायचे, एकदा स्वतःचा आणि एकदा गावी गेलेल्या मेहुण्याच्या वतीनं. बुंध्याशी एवढा चिखल झाला होता की सेनापतींची एक मोजडी त्यात रुतली ती अजून सापडली नव्हती. भिकोबानं एकदा भीतभीत सांगून पाहिलं होतं, “महाराज, पानी वाईच जास्त होतंय.” त्यावर महाराज म्हणाले होते, “अरे, प्रेमानं घातलेलं कधी जास्त होतं का?” आणि सगळ्या दरबारानं माना डोलावल्या होत्या. डोलावून झाल्यावर परत पाणी घातलं होतं.

भिकोबा खोपीत जाऊन बोचकं बांधायला लागला. बापानं लावलेली बाग सोडून जायचं, या विचारानंच त्याला रडू येत होतं.

“गुन्हेगार मला ठावं हाय गं,” तो बायकोला म्हणाला. “पर नाव घेतलं तर मान जाईल.”

“मग नाव घेताय कशाला?” सुंद्रा म्हणाली. “ज्याचं त्यो सांगंल. तुमी ते बोचकं सोडा आनि पीठ दळून आना.”

आणि ती तडक वाड्यावर गेली.

“महाराज, उद्या दुपारी गुन्हेगार हजर करते. पर उपाशीपोटी न्याय नको. सगळा दरबार घेऊन गरिबाघरी पिठलं-भाकरी खायला या.”

पिठलं काही गोड नसतं. महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि ते लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बागेत, जास्वंदीच्या समोरच पंगत मांडली. पिठलं असं झणझणीत जमलं होतं की महाराजांनी पहिली भाकरी कधी संपवली ते त्यांनाच कळलं नाही. सुंद्रा पातेलं घेऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “आता मी माळीण महाराजांना आग्रह कसा करनार? ज्याची महाराजांवर माया जास्त, त्यानं वाढावं.”

झालं! दिवाणजी स्वतःचं ताट सोडून उठले. त्यांनी पळीभर पिठलं वाढलं. सेनापतींनी दोन पळ्या वाढल्या. मग फडणीस कसे मागे राहतील? पुरोहितांनी गणपतीची शपथ घालून अख्खी भाकरी वाढली. राजवैद्यांनी स्वतःचं वाढून झाल्यावर मेहुण्याच्या नावानंही वाढलं.

“पुरे,” महाराज म्हणाले.

“प्रेमाचं कधी जास्त होतं का महाराज?” दिवाणजी म्हणाले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

महाराजांनी ताटावर आडवे हात धरले. पिठलं हातांवर पडलं. त्यांनी कमरपट्टा सैल केला, तर सेनापतींना वाटलं महाराज जागा करताहेत, आणि त्यांनी आणखी वाढलं. शेवटी फडणिसांनी आपल्या हातानं एक मोठा घास भरवायला घेतला. महाराजांनी तो कसाबसा तोंडात धरला. डोळे पांढरे झाले, आणि घास सुटून थेट ताटात पडला.

सुंद्रा पुढं झाली.

“महाराज, घास पडला. कुनी पाडला?”

“कुणी पाडला म्हणजे?” महाराज धापा टाकत ओरडले. “पोटात जागा तर हवी! हे सगळे मेले वाढताहेत, वाढताहेत, थांबायचं नावच...”

आणि ते एकदम थांबले. त्यांची नजर समोरच्या जास्वंदीवर गेली. तिथून बुंध्याजवळच्या चिखलावर. तिथून ओळीनं मांडून ठेवलेल्या दरबारी तांब्यांवर.

“तुमाला ‘पुरे’ तरी म्हनता आलं महाराज,” सुंद्रा म्हणाली. “तिला बिचारीला तोंड न्हाई. ती कळी टाकून सांगती.”

महाराजांनी तिच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. “पण तू गुन्हेगार हजर करणार होतीस.”

“समदे हजर हायेत की, पंगतीतच बसल्यात. आता पैला तांब्या कुनाचा, ते मी गरीब बाई कसं सांगू?”

भिकोबानं डोळे मिटून घेतले. आणि महाराज हसायला लागले. भरल्या पोटी हसणं काही सोपं नसतं, पण ते पोट धरून, कण्हत कण्हत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

“माग सुंद्रे, काय हवं ते माग.”

“बागेच्या फाटकाची किल्ली आमच्या ह्यांच्याकडं असू द्या. ह्यांनी सांगितल्याबिगर कुनी तांब्या घेऊन आत यायचं न्हाई.”

“मीसुद्धा?”

“तुमी तर सगळ्यांत आदी न्हाई!”

महाराजांनी बोटातली अंगठी काढून सुंद्राच्या हातावर ठेवली, किल्ली भिकोबाच्या हातावर ठेवली, आणि मग दोन्ही हात दिवाणजींच्या खांद्यांवर टाकले, कारण त्यांना स्वतःहून उठता येत नव्हतं.