मैत्रेयी काय गाते?

"मग नवख्या माणसानं हे ऐकायला कुठनं सुरुवात करायची म्हणतोस?"

दस्तगीर उस्तादांनी विचारलं, पण मान वर केली नाही. मांडीवर तानपुरा आडवा होता आणि ते जवारी काढत होते. म्हणजे तार टेकते त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून तार बोलती करत होते. मिरजेत त्यांच्या घरात चार पिढ्या हेच काम चाललंय.

कैवल्य या प्रश्नाची वाटच बघत होता. पुण्याहून दर शनिवारी तो जवारी शिकायला यायचा. त्याचा स्वतःचा गिटारचा बँड होता. शूगेझ नावाच्या विलायती संगीताचा त्याला नाद होता आणि त्यावर तो इंटरनेटवर लेख लिहायचा. ते पुष्कळ लोक वाचतात, हेही आल्यागेल्याला सांगायचा.

"अकरा गाण्यांची यादी केलीय मी, उस्ताद. सोप्याकडून अवघडाकडे."

"पहिलं कुणाचं?"

"...आमचंच आहे."

उस्तादांनी दोरा केसभर पुढं घेतला.

"बरं. गोडी काय हाय ह्याची?"

कैवल्य खुलला. ताठ बसला.

"गिटारचे सूर एकावर एक इतके चढवायचे, की भिंत उभी राहते. वाजवणारे लोकांकडे बघत नाहीत. पायाशी गिटारचा आवाज बदलायचे पेडल असतात, मान खाली घालून त्यांच्याकडेच बघत वाजवतात. बुटांकडे बघणारे म्हणून शूगेझ, नाव त्यावरूनच पडलं. गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीच्या आत. शब्द कळत नाहीत. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची माणसं बोलताना ऐकू येतात ना, तसं. कुणी तुम्हाला काही पटवत नाही, काही मागत नाही. दुखावलेल्या माणसाला फार बरं वाटतं त्यात."

हे तो मनापासून बोलला. एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

"ऐकव तुमचं ते पहिलं."

उस्तादांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. आठ मिनिटं ते हलले नाहीत. कैवल्य त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, निकालाच्या दिवशी बघावं तसा.

"चांगलं हाय." त्यांनी हेडफोन काढले. "गोधडीत शिरल्यागत वाटलं."

कैवल्य फुगला.

"पोरगी कोण?"

"मैत्रेयी. आमच्यात गायची. गेल्या महिन्यात सोडून गेली. मेहनत कुणाला हवीय हल्ली, उस्ताद? नाही टिकली."

"काय म्हणतीय ती?"

"कुठं?"

"गाण्यात. शेवटाला."

"शेवटी शब्दच नाहीत. मीच तिला सांगितलं होतं, इथं काहीही म्हण, कुणाला कळणार आहे?"

"मग काय म्हटलं तिनं?"

"म्हटलं असेल काहीतरी."

"विचारलंस?"

"त्याला अर्थ नसतो, उस्ताद. या संगीतात गळा म्हणजे आणखी एक वाद्यच."

उस्तादांनी पुन्हा तानपुरा ओढून घेतला. सूर न लावता, दूधवाल्याचा निरोप सांगावा तसं, ते बोलले.

"'कैवल्य, जरा थांब ना. मला माझाच आवाज ऐकू येत नाहीय.' चारदा म्हणतीय."

कैवल्य हसला. एकटाच हसला.

मग त्यानं हेडफोन लावले आणि गाणं शेवटाकडे नेलं. हा तुकडा त्यानं दोनशे वेळा तरी ऐकला असेल. दरवेळी आपली गिटार. आता ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा त्याला शंका आली. दुसऱ्या वेळी आपलं नाव स्पष्ट ऐकू आलं. चौथ्यांदा मैत्रेयीचा गळा चिरकला होता, आणि नेमका तिथंच त्यानं गिटारचा आवाज वाढवून ठेवला होता. स्वतःच्या हातानं. वर लेखात लिहिलं होतं, "या जागी अंगावर काटा येतो."

हेडफोन काढले तरी ते वाक्य जाईना.

"तू आलास त्या पहिल्या दिवशी मी खर्जाची जाड तार छेडली होती," उस्ताद म्हणाले. "तिच्या मागनं गंधाराचा सूर उठतो. कुणी वाजवत न्हाई, तरी उठतो. ऐकू आला का, म्हणून इचारलं. तू लगेच हो म्हणालास."

"हो."

"आला होता?"

"...नाही."

"त्यानंतर?"

कैवल्यनं नकारार्थी मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुझं बोलणं संपंना."

कैवल्यची मान खाली गेली. मान खाली घालून वाजवण्याचं कौतुक त्यानं आत्ताच ताठ बसून सांगितलं होतं. आता मात्र ती वर येईना. लाज कानाच्या पाळ्यांपर्यंत चढली होती. मैत्रेयी टिकली नाही, असं त्यानं उस्तादांनाच नाही, सगळ्या पुण्याला सांगितलं होतं. तिच्या आईलाही. आईनं तेव्हा फक्त "अस्सं" म्हटलं होतं. ते "अस्सं" त्याला आज समजलं.

"मी ते गाणं काढून टाकतो."

"गाण्यानं काय केलंय? गाणं बरं हाय."

"मग मी काय करू?"

उस्तादांनी दोरा पुन्हा केसभर सरकवला.

कैवल्यनं फोन काढला. घाईत पहिल्यांदा नंबर भलताच लागला. दुसऱ्यांदा बरोबर लागला. घंटी वाजत राहिली. उचलणार नाही, असं त्याला वाटलं. उचलू नये, असंही वाटलं.

उचलला.

"मैत्रेयी, मी कैवल्य. हे बघ, ठेवू नकोस. मला आज कळलं तू शेवटी काय म्हटलंयस ते. मला खरंच माहीत नव्हतं गं. त्या दिवशी स्टुडिओत वेळ कमी होता, तो रेकॉर्डिंगवालाही घाई करत होता, आणि मला वाटलं तू ठीक आहेस, म्हणजे तू तोंडानं तसं काही बोलली नाहीस ना, आणि आपलं गाणं इतकं छान जमत होतं, की मी..."

उस्तादांनी तानपुरा बाजूला ठेवला. पुढं सरकले. लाकडाच्या भुशानं माखलेला आपला तळहात त्यांनी कैवल्यच्या तोंडावर ठेवला. जोरात नाही, पण ठेवला.

वाक्य अर्ध्यात राहिलं.

गल्लीत कुणीतरी तानपुऱ्याच्या भोपळ्याला कानस मारत होतं. फोनवरचे सेकंद पुढं जात होते. सात... पंधरा... पलीकडून काही नाही. पण तिनं फोन ठेवलाही नव्हता.

हात निघाला तेव्हा कैवल्यच्या ओठांवर भुसा होता आणि डोळे भरले होते. त्यानं तळव्यानं फोन झाकला.

"उस्ताद," तो कुजबुजला, "ती काहीच बोलत नाहीय..."

"मग ऐक की."